मणी कुणासमोर फुटतो

बंदरावर मासळीचा लिलाव चालू असताना मध्येच थांबला, असं सहसा होत नाही. त्या दुपारी थांबला. सोनूबाईने बर्फाच्या पेटीत हात घातला, बाहेर काढला, आणि तिच्या मनगटातल्या निळ्या डोळ्याच्या काचमण्याचे दोन तुकडे टोपलीतल्या पापलेटांवर पडले.

"फुटला," सोनूबाई म्हणाली. "आजपन केसरबायच्या म्होरंच फुटला."

बायकांनी केसरबायकडे पाहिलं, पदर ओढले आणि हळूहळू मागं सरल्या. केसरबाय बंदरावर बर्फ विकायची. बर्फ फोडायची मोगरी हातात धरून ती तशीच उभी राहिली. कुठं बघावं तेच तिला कळेना. समोर बघावं तर बायका, खाली बघावं तर मासळी, आणि मासळी नासली तर खापर पुन्हा तिच्याच डोळ्यांवर.

हे निळे डोळे आणले हर्षद महाराजांनी. हरिहरेश्वरला पर्यटकांच्या गाड्यांपाशी धंदा जमला नाही, म्हणून स्वारी बंदरावर आली. "हा तुर्कस्तानचा डोळा, माउली. याला पापणी नाही, म्हणून झोप नाही. वाईट नजर आली की हा गिळतो, आणि पोट भरलं की फुटतो. ज्याची नजर, त्याच्याच समोर फुटतो." एवढं सांगायचं आणि स्वतः काळा गॉगल लावून बसायचं. मणी एवढा राखणारा, तर महाराजांना गॉगल कशाला लागतो, हे कुणाच्या बापाने विचारलं नाही.

पण बायांना तरी काय नावं ठेवायची? घरचा माणूस होडी घेऊन खोल पाण्यात जातो, तिथं हाक पोचत नाही. मागं राहिलेलीला धरायला काहीतरी लागतं. पोराला तीट लावायची, होडीला लिंबू-मिरची बांधायची, मीठमोहऱ्या उतरायच्या, ही रीत जुनीच. त्यात हा मणी दिसायला देखणा, मोबाइलमधल्या नट्यांच्या हातात दिसणारा. भीती आणि हौस दोन्ही एकाच मनगटावर भागत होत्या. केसरबायनेही एक घेतला होता, नातीसाठी.

तो घेतला, बंदरावरची कुजबुज घरी पोचली आणि नातच दुरावली. सून अमिषा नुकतीच बाळंत झालेली. "आई, रागावू नका," ती दाराआडून म्हणाली, "पण आत येऊ नका. बाळाचं अंग काल गरम लागत होतं." दारावर पडदा आला. पडद्याआड पोर रडायची आणि अलीकडे केसरबाय हात चोळत बसायची. वाईट हे, की तिला राग येईना. असेल बाई आपल्या डोळ्यांत काही, असं तिचं तिलाच वाटायला लागलं. तिने आरशात बघणं सोडलं. महाराजांनी उपाय सांगितला होता: अमावास्येपर्यंत डोळ्यांवर काळी पट्टी, बर्फाचा धंदा बंद, मग मोठी पूजा. घरात पडदा, बंदरावर पाठी, आणि डोळे काही काढून ठेवता येत नाहीत. जाणार कुठं?

तिच्या भावाची मुलगी क्रांती बोर्ली पंचतनला शाळेत विज्ञान शिकवते. ती बाळ बघायला आली, तेव्हा आत्या पडवीत काळं फडकं मांडीवर घेऊन बसलेली. क्रांतीने सगळं ऐकून घेतलं.

"आत्या, मणी फुटतो तो बर्फाशीच का? घरी, देवळात कधी नाही?"

"बर्फाशीच. मी तिथंच असतंय ना दिवसभर."

"आणि त्याआधी मणी कुठं असतात?"

"खळ्यात, वाळत्या मासळीजवळ. म्हाराज सांगतात, दुपारच्याला पत्र्यावर तापवायचा नि गरम हाय तवर हातात घालायचा. सूर्याची शक्ती भरते म्हने."

क्रांती हसली नाही. तिला संताप आला होता.

दुसऱ्या दुपारी बंदरावर तिने बायकांकडून मूठभर मणी मागून घेतले, पत्र्यावर ठेवले आणि आत्याला समोर उभं केलं. "बघ यांच्याकडे. डोळे फाडून बघ. जेवढं वाईट बघता येईल तेवढं बघ." केसरबायने पाहिलं. काही झालं नाही.

"नजर सांगून येत नसते, बाई," महाराज म्हणाले. "ती मनातून लागते."

"बरं." क्रांतीने त्याच काळ्या फडक्याने आत्याचे डोळे बांधले, तिला समुद्राकडे तोंड करून बसवलं आणि तापलेला मणी बर्फात टाकला. तो फुटला नाही. महाराज हसले. पट्टीखाली केसरबायला ते हसू ऐकू आलं. आता सुटका नाही, असं तिने मनाशी ठरवूनच टाकलं. क्रांतीने पुढचे मणी एकेक करून टाकले, तेव्हा टिच् असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा आला.

"तुमच्याच उपायाप्रमाणे आत्याचे डोळे बांधलेत, तोंड तिकडं आहे," क्रांती म्हणाली. "मग ही कुणाची नजर? अहो, काचेवर काचेचे थर, तेही स्वस्तातले. तापलेली काच बर्फात गेली की वरून आकसते, आतून गरमच राहते, आणि तडकते. एखादी टिकतेसुद्धा. कंदिलाच्या गरम काचेवर पाणी उडालं तर काय व्हायचं, ते आपल्या आज्यांना ठाऊक होतं. इथल्या बायका उन्हातून उठून थेट बर्फात हात घालतात, हे या महाराजांनी बघितलं आणि मणी तापवायला सांगितलं."

सोनूबाई महाराजांवर धावली. "मंग केसरबायचं नाव का घेतलंस रं?"

"मी कुठं घेतलं?" महाराज पिशवी आवरत म्हणाले. "नाव तुम्हीच घेतलंत."

आल्यापासून हा माणूस एवढं एकच खरं बोलला होता. सोनूबाई खाली बघायला लागली.

"हौस म्हणून घाला की मणी, छान दिसतो," क्रांती म्हणाली. "पण फुटला तर जाब काचेला विचारा, शेजारणीला नको. आणि पोर तापलं तर डॉक्टरकडे न्या."

संध्याकाळी अमिषाने स्वतःच्या हाताने पडदा काढला आणि बाळ सासूच्या मांडीवर ठेवलं. केसरबायने डोळे घट्ट मिटून घेतले.

"आई, बघा ना."

"काच बर्फानं फुटते, मना कळलं गो. तरी उघडत न्हाईत."

अमिषा तिच्या पायाशी बसली. "मीच मिटायला लावले होते. आता मीच सांगते, उघडा."

केसरबायने डोळे उघडले. नात जागी होती आणि तिच्याकडेच टक लावून बघत होती. केसरबाय रडली, पोटभर रडली, पण नजर काही तिने हटवली नाही.