थांबवलेली लस

"सुई काऊन नाई देत, सिस्टर? सकाळपासून दोन लेकरायले देल्ली ना तुमीनं."

धुरपताबाई दार अडवून उभी होती. आत खाटेवर तिची सून मोहिनी, अन् तिच्या कुशीत काल जन्मलेली नात. उज्वला सिस्टरांनी बीसीजीची कुपी थंड डब्यात परत ठेवली.

"रक्ताचा रिपोर्ट आल्याबिगर नाई देत, काकू."

अल्लीपूरजवळच्या या उपकेंद्रात त्यांना बावीस वर्षं झाली होती. मोहिनीच्या पहिल्या मुलाला, पीयूषला, त्यांनीच ही लस टोचली होती. तिसऱ्या महिन्यात त्याच्या काखेत गाठ आली, ताप हटेना. पाचव्या महिन्यात तो नागपूरला दवाखान्यात वारला. नेमकं काय झालं ते तिथल्या डॉक्टरांना विचारायला उज्वला सिस्टर स्वतः गेल्या होत्या.

"आपल्या रक्तातल्या पेशी जनुकाचे तुकडे कापते अन् जोडते. दरवेळी येगळी जोड," त्या सांगू लागल्या. "त्याच्यातूनच लाखो परकारच्या अँटिबॉडी बनते. कोन्ताबी जंतू येऊ द्या, त्याले धरणारी एखादी निंगतेच. पीयूषच्या आंगात हे कापाचं कामच होत नव्हतं, म्हनून जंतूसंग लढनाऱ्या पेशीच बनत नव्हत्या. अन् या लसीत जित्ते जंतू असते, काकू. कमजोर, पन जित्ते. या पोरीतबी तेच असन त?"

"अन् नसन त?"

"हा रोग आई-बापाकडून येते, तरी चार लेकरात तिघं चांगले निंगते. पन ही कोन्ती, ते मले मालूम नाई."

दुपारी तालुक्याहून साहेबांचा फोन आला. जन्मलेलं बाळ लसीशिवाय कसं राहिलं? सिस्टरांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'माझ्या जबाबदारीवर थांबवली,' आणि खाली सही केली.

तिसऱ्या दिवशी बाळाचं अंग गरम लागलं. सिस्टर मोहिनीच्या घरी जाऊन दर तासाला ताप बघत बसल्या. संध्याकाळी ताप उतरला, तेव्हाच त्या उठल्या.

पाचव्या दिवशी रिपोर्ट आला. जंतूंशी लढणाऱ्या सगळ्या पेशी होत्या, पुरेशा होत्या.

मोहिनी बाळ घेऊन उपकेंद्रात आली. सिस्टर सुई भरत असताना तिने हळू आवाजात विचारलं, "पीयूष या सुईनंच गेला काय?"

धुरपताबाईने मान खाली घातली. सिस्टरांना 'नाई' म्हणता आलं असतं.

"रोग त्याले जलमापासूनच होता," त्या म्हणाल्या. "सुई नसती देल्ली त वाचला असता काय, मले सांगता येत नाई. तवा कोनालेच मालूम नव्हतं. पन गाठ सुईचीच होती. अन् सुई मी देल्ली होती."

बाहेर बाकावर दुसऱ्या बाया वाट पाहत होत्या.

"द्या," मोहिनी म्हणाली.

तिने सिस्टरांकडे पाहिलं नाही. झबल्याची बाही वर सारून बाळाचा डावा दंड मात्र तिने दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.