शेवटच्या राउंडचा कॅचर

मिलीच्या बारमधलं खिडकीजवळचं गोल टेबल वर्षानुवर्षं चौघांचंच होतं. जूनमध्ये बेसबॉलचा ड्राफ्ट झाला की पुढच्या शनिवारी दुपारी तिथे दुसरं कोणी बसलेलं दिसलं, तर मिली त्याला दंडाला धरून उठवायची. कारण त्या दुपारी त्या टेबलावर पोरं पुरली जायची.

गावच्या टीमने त्या ड्राफ्टमध्ये शाळा-कॉलेजांतून नव्याने उचललेली पोरं. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली लोरेन डोम्बेक पेपरातून एकेक नाव वाचायची. जन्मभर सिटी बस चालवलेला गस पेट्राकिस आणि पोलादाच्या कारखान्यातला क्लीटस वेड त्या पोराचे वाभाडे काढायचे. आणि एकतीस वर्षं स्टेडियमच्या मैदानाची निगा राखलेला एमिल ह्रुस्का शेवटची मूठभर माती टाकायचा. टीम दरवर्षी तळाला असे, म्हणून ड्राफ्टमध्ये पोरं निवडायची पाळी तिची आधी येई, आणि पाळी आधी येऊनही ती टोपलीतलं नेमकं नासकं फळ उचले. मग माणसांनी करायचं काय? शिव्या द्यायच्या आणि बीअर प्यायची, दुसरं काय हातात होतं.

या शिव्यांना मात्र एक रीत होती. ती कोणी ठरवली नव्हती, आपोआप पडली होती. ज्या पोरात थोडीफार धुगधुगी दिसे त्यालाच टेबल सोलून काढत असे. ज्याच्यात काहीच राम नसे, त्याच्याबद्दल मात्र चांगलं बोललं जाई. एकदा टीमने मालकाच्या मेहुण्याचा मुलगा घेतला, तेव्हा क्लीटसने, जो स्वतःच्या चर्चच्या पाद्र्याबद्दलही कधी बरं बोलला नव्हता, ग्लास वर धरून म्हटलं होतं, "काय चालतो हो पोरगा, ऐटीत." एकदा गुडघ्याची तीन ऑपरेशनं झालेला एक पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आला. त्याचे केस फार सुंदर आहेत असं सर्वानुमते ठरलं. ही रीत पहिल्यांदा बोलून दाखवली ती एमिलच्या नातवाने, टोबीने. लहानपणी आजोबांबरोबर बारमध्ये येऊन जिंजर एल पीत बसायचा तो. एका शनिवारी घरी जाताना म्हणाला, "देदो, ज्याची स्तुती करता तो गेला ना?" एमिलला हसू आवरेना.

आता तोच टोबी बावीस वर्षांचा होता, जवळच्या लहानशा कॉलेजच्या टीममध्ये कॅचर होता, पिचरचे चेंडू पकडणारा, आणि पेपरातल्या यादीत शेवटचं नाव त्याचं होतं.

तेव्हाच्या ड्राफ्टला अंत नसे. निवडीच्या पन्नास-साठ फेऱ्या, म्हणजे राउंड, चालत, आणि शेवटी शेवटी टीमचे लोक ओळखीपाळखीतली नावं घालत. कोणाचा पुतण्या, कोणाचा शेजारी. त्यालाही सगळे ड्राफ्टच म्हणत. एमिलला टीमच्या कार्यालयातून फोन आला होता. "एमिल, तुझ्या नातवाला घेतलं बरं का. तू इतकी वर्षं आमच्यासाठी केलंस." फोन टोबीला नाही, आधी त्याला आला होता. आणि फोन करणाऱ्याने पोराचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. एमिलच्या ते तेव्हाच लक्षात आलं होतं, पण त्याने ते बोलून दाखवलं नाही.

कारण टोबी वेडा झाला होता आनंदाने. आणि आनंदाबरोबर एक पेचही आला होता. टोबीचा बाप, एमिलचा मुलगा, इलेक्ट्रिशियन होता, पाच वर्षांपूर्वी वारला. त्याच्या जुन्या मुकादमाने खटपट करून इलेक्ट्रिशियन युनियनच्या शिकाऊ कामगारांत टोबीसाठी एक जागा धरून ठेवली होती. तीन वर्षं शिकायचं आणि मग जन्मभर पोटाची चिंता नाही. सोमवारपर्यंत हो म्हणायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. टीमकडे सही केली तर मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या दर्जाच्या सामन्यांसाठी, बसमधून गावोगाव हिंडायचं, खऱ्या होतकरू पिचरांचे चेंडू पकडून द्यायचे, आणि एखाद्या सकाळी कोणीतरी दारावर टकटक करून सांगणार की बॅग भर.

"खरं सांग देदो," टोबी म्हणाला होता, "माझ्यात आहे का काही?"

एमिलला सांगता येईना. मैदानावर येणाऱ्या हजार पोरांना त्याने मनातल्या मनात निकालात काढलं होतं, पण हे पोर समोर आलं की त्याचा डोळा फितूर व्हायचा. त्याला थ्रो दिसायचा नाही, थ्रोसाठी उचललेला बापाचाच खांदा दिसायचा.

"मग शनिवारी टेबल काय म्हणतं ते ऐक," टोबी म्हणाला. "आणि मला फोन कर. जसंच्या तसं सांग. ते म्हणतील तसं करीन."

म्हणून त्या दुपारी एमिलने ताटलीतल्या माशालाही हात लावला नव्हता. तळ्यातला ताजा पर्च होता, मिलीने कुरकुरीत तळला होता, आणि गस आपला संपवून त्याच्या ताटलीकडे बघत होता.

पहिल्या राउंडचा पोरगा टेक्सासचा होता, उंच, गोरापान, ताशी शंभर मैलांच्या आसपास वेगाने चेंडू टाकणारा.

"शंभरने टाकतो, पण टाकतो कुठे?" गस म्हणाला. "प्रेक्षकांतल्या हॉटडॉगवाल्याला हेल्मेट द्या आधी."

"आईने दूध पाजलं, पण नियंत्रण पाजायला विसरली," क्लीटस म्हणाला.

"दोन वर्षांत खांदा जाईल," एमिलने सवयीने माती टाकली. टेबल समाधानाने डुललं. म्हणजे पोरगा बरा होता.

दुसरा, तिसरा, दहावा. शॉर्टस्टॉपच्या जागी खेळणाऱ्या एका पोराबद्दल गस म्हणाला की याच्यापेक्षा माझी बस चपळ वळायची. एका धिप्पाड फलंदाजाबद्दल क्लीटसने विचारलं की हा चेंडू मारतो की खातो. लोरेनने चष्मा पुसला, दुसरी बीअर मागवली, परत वाचायला लागली. विसाव्यानंतर टेबल ढिलं पडतं, तसं पडलं. तिसाव्यानंतर नुसती नावं आणि नुसतं हुं हुं. एमिल नेहमी या वेळेला पेंगायचा. आज तो खुर्चीच्या काठावर बसला होता, आणि हे बाकी तिघांनाही दिसत होतं.

शेवटची चार-पाच नावं राहिली तेव्हा गसने पेपरावर हात ठेवला.

"पुरे आता. पुढचे कोणाला माहीत आहेत? मिली, पत्ते दे गं."

"पूर्ण वाच," एमिल म्हणाला.

"एमिल, ऊन गेलं खिडकीतून—"

"लोरेन, पूर्ण वाच."

तिने वाचलं. मधल्या पोरांना कोणी हात लावला नाही. मग तिने घसा साफ केला. "ह्रुस्का, टी. कॅचर."

एमिल थांबला. सबंध आठवडा तो याच घटकेसाठी थांबला होता. त्याला एक शिवी हवी होती, कसलीही. जाड्या म्हणा, आंधळ्या म्हणा, आजोबाच्या पुण्याईवर आला म्हणा. एकाने जरी कुचेष्टा केली असती तरी त्याने उठून नाच केला असता.

"गुणी पोरगा," गस म्हणाला.

"पिचर पोरांना असाच माणूस हवा असतो," लोरेन म्हणाली. "धीर देणारा. त्याचा स्वभाव किती शांत आहे."

"हो ना. आईची किती काळजी घेतो," गस म्हणाला, आणि एमिलच्या ताटलीतला मासा आपल्याकडे ओढायला पुढे केलेला हात त्याने मागे घेतला.

एमिलने घोट घेतला. बीअर कोमट झाली होती.

"त्याचा थ्रो दुसऱ्या बेसपर्यंत पोचायच्या आधीच टप्पा खातो," तो म्हणाला.

"अजून वय काय त्याचं," गस म्हणाला. "हात तयार होईल."

"बावीस वर्षांच्या कॅचरचा हात तयार होईल? हे तू म्हणतोस? मागच्या वर्षी त्या नेब्रास्काच्या पोराला याच टेबलावर तू म्हणालास, की याच्या थ्रोबरोबर टपाल पाठवलं तर आधी टपाल पोचेल. तो तर एकोणीसचा होता."

"मी फार बोलतो," गस म्हणाला. "माझं काय मनावर घेतोस."

एमिल क्लीटसकडे वळला. क्लीटस तरुणपणी कारखान्याच्या टीमकडून कॅचर खेळला होता, त्याची बोटं अजून वाकडी होती. टोबीला पहिला मिट, कॅचरचा जाड हातमोजा, त्यानेच आणून दिला होता. सात वर्षांच्या पोराला चेंडू कसा गिळायचा ते मागच्या गल्लीत शिकवलं होतं, आणि शिकवताना एवढ्याशा पोराला इतकं झापलं होतं की एमिलच्या बायकोने खिडकीतून लाटणं दाखवलं होतं.

"क्लीटस. तू बोल."

क्लीटस बराच वेळ ग्लासच्या बुडाने टेबलावर ओली वर्तुळं काढत बसला.

"देखणं पोरगं आहे," तो शेवटी म्हणाला.

"क्लीटस, एक शिवी दे. एकच."

"आज नको, एमिल."

"माझ्यासाठी."

"तुझ्यासाठीच नको म्हणतोय."

लोरेनने पेपराची घडी घातली. गस खिडकीबाहेर बघत राहिला, जसं काही रस्त्यावर मिरवणूक चालली होती. एमिलला त्यांचा राग आला, फार राग आला, आणि त्याच वेळी त्याला कळत होतं की जगात आपल्यावर इतकं प्रेम करणारी एवढीच तीन माणसं उरली आहेत. त्यांना वाटत होतं आपण म्हाताऱ्याला सांभाळून घेतलं. बावीस वर्षांचं कोणी तिकडे फोनजवळ बसलंय हे त्यांना कुठे ठाऊक होतं.

तो उठला आणि सिगारेटच्या मशीनजवळच्या फोनपाशी गेला. एकदा घंटी वाजली न वाजली तोच उचलला गेला.

"देदो?"

"मी."

"झालं?"

"झालं."

"मग? बोल ना. काय म्हणाले?"

एमिलने डोळे मिटले. खोटं अगदी जिभेवर होतं. पार सोललं तुला, म्हणायचं. गस म्हणाला तुझ्यापेक्षा माझी बस बरी पळते. एवढ्यावर पोरगं घर डोक्यावर घेईल, रात्रीच बॅग भरेल. एक उन्हाळा, फार तर दोन. आणि मग कोणत्यातरी परक्या गावात सकाळी दारावर टकटक, आणि इथे जागा केव्हाच दुसऱ्याची झालेली. पण तो एक उन्हाळा त्याचा असेल. कोण कोणाला एवढं देतं? आणि कोणाला हे त्याच्याकडून काढून घ्यायचा अधिकार आहे?

जसंच्या तसं सांग, असं म्हणाला होता तो.

"चांगलं बोलले," एमिल म्हणाला.

"चांगलं म्हणजे?"

"गस म्हणाला गुणी आहेस. लोरेन म्हणाली तुझा स्वभाव शांत आहे."

पलीकडे स्वयंपाकघरात नळ चालू होता, तो कोणीतरी बंद केला.

"आणि क्लीटस?"

"तो म्हणाला, देखणं पोरगं आहे."

"क्लीटस म्हणाला? असं?"

"असंच."

 एमिल फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिला. मिलीने लांबून काही हवंय का अशी खूण केली, त्याने नको म्हणून मान हलवली.

"बरं," टोबी म्हणाला. आवाज सरळ होता, फक्त थोडा खालून आला. "सोमवारी मोकळा आहेस का तू?"

"मी कुठे बांधलेला असतो?"

"कामाचे बूट घ्यायला जाऊ. पुढून पोलाद असलेले लागतात तिथे. बाबांचे घालून बघितले, मला लहान होतात."

"जाऊ," एमिल म्हणाला. "सकाळीच जाऊ."

तो टेबलाशी परत आला तेव्हा कोणी पत्ते वाटले नव्हते. तिघेही त्याची वाट बघत होते. तो बसला, आणि मग त्याने सगळं सांगितलं: फोनवर कोण होतं, त्याने काय विचारलं होतं, सोमवारी काय ठरवायचं होतं, आणि आता काय ठरलं. लोरेनने तोंडावर हात ठेवला.

"आम्हाला आधी सांगायचंस ना," गस म्हणाला. "आम्ही शिव्या दिल्या असत्या रे. पोटभर दिल्या असत्या."

"म्हणूनच नाही सांगितलं," एमिल म्हणाला.

मग क्लीटसने ग्लास बाजूला सारला आणि वाकडी बोटं टेबलावर पसरली.

"त्याचा थ्रो," तो म्हणाला, आणि थांबला, आणि परत सुरुवात केली. "त्याचा थ्रो बघून बेस चोरणारे, नजर चुकवून पुढच्या बेसकडे पळणारे पोरगे वाटेत उभे राहून बुटाची नाडी बांधायचे."

गसने त्याच्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "आणि बॅट धरायचा ती, नवस फेडायला मेणबत्ती धरल्यासारखी."

"पळायला लागला की तुझी बस आठवायची, गस," लोरेन म्हणाली. तिने तोपर्यंत कधीच कोणाला शिवी दिली नव्हती, ती फक्त वाचायची. "ब्रेक लावलेली."

ते थांबेनात. पहिल्या राउंडच्या टेक्सासच्या पोराला मिळालं नव्हतं एवढं त्यांनी टोबीला दिलं, त्याच्या गुडघ्यांपासून टोपीपर्यंत काही सोडलं नाही. खिडकीतलं ऊन केव्हाच गेलं होतं. एमिल मान खाली घालून, दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होता. शेवटी तिघे गप्प झाले आणि त्याच्याकडे बघू लागले, कारण शेवटची मूठ त्याची असायची.

एमिलने माती टाकली नाही; माशाची ताटली तेवढी गसकडे सरकवली.