पेलाभर पाणी आणि ऑर्विलचा आवाज

साडेपाच वाजायच्या आतच वर्लीनच्या कँपरसमोर, म्हणजे तिच्या चाकांवरच्या घरासमोर, घडीच्या खुर्च्यांच्या तीन रांगा लागत. मागून येणाऱ्याला खुर्ची टेकवायलाही जागा उरत नसे. ॲरिझोनाच्या त्या वाळवंटातल्या तळावर हिवाळा काढायला आलेली ही सगळी निवृत्त मंडळी एरवी बीन्सच्या पातेल्याभोवती नाहीतर पत्त्यांच्या टेबलाभोवती जमायची. पण गेला दीड महिना सगळ्यांचे कान एका स्वस्तातल्या स्टिरिओकडे लागले होते, कारण त्यातून वर्लीनचा वारलेला नवरा, ऑर्विल, बोलत होता.

सगळा सोहळा ब्रदर थर्मन चालवी. तो कुठल्या चर्चचा, हे कुणी विचारलं नव्हतं. पांढरी हॅट, तुळतुळीत दाढी केलेला चेहरा आणि जिभेवर साखर, एवढ्या भांडवलावर त्याचं झकास चाललं होतं.

"जनरेटर बंद करा, मित्रांनो," तो हात वर करून सांगे. "एवढ्या गोंगाटात आत्म्याला वाट कशी सापडणार?"

जनरेटर बंद होई. बॅटरीवर चालणाऱ्या स्टिरिओवर ऑर्विलच्या आवडीची नाचाची धून सुरू होई. वर्लीन उघड्या दारात उभी राहून प्रश्न विचारी.

"आता त्याच्यासाठी पेलाभर पाणी ओत, सिस्टर. लांबून आलाय बिचारा."

वर्लीन नळ सोडी. धून तटकन तुटे, स्टिरिओचा निळा दिवा विझे, पुन्हा लागे, आणि त्याच्या घड्याळात बरोबर बारा वाजलेले असत. ऑर्विल दुपारी बारालाच गेला होता. मग एक भारदस्त पुरुषी आवाज घुमे आणि तिन्ही रांगांमधून 'आमेन' उठे.

शेवटच्या रांगेत डेलमर मान खाली घालून बसलेला असे. तीस वर्षं त्याने शाळेच्या बसगाड्यांची वायरिंग केली होती. तळावर कुणाचा दिवा गेला, पंखा अडला, की पहिली हाक डेलमरला. वर्लीनचा हा स्टिरिओही गेल्या हिवाळ्यात त्याने आणि ऑर्विलने मिळून बसवला होता, बिअर पीत पीत, एका दुपारात. विजेच्या मुख्य पेटीपासून वेगळी वायर ओढायची तर अर्धं कपाट उचकटावं लागणार होतं. "कोण बघतंय?" म्हणत त्याने शेजारच्या पाण्याच्या पंपाच्याच वायरला जोड मारला, आणि पंप व स्टिरिओ या दोन्हींच्या काळ्या वायरी एकाच गंजक्या स्क्रूखाली दाबल्या.

त्यामुळे ऑर्विल कुठून बोलतो, हे त्याला पहिल्या आठवड्यातच उमगलं होतं. पण बोलायचं म्हणजे आपला गलथानपणा चारचौघांत कबूल करायचा. म्हातारीला तेवढाच विरंगुळा, अशी त्याने मनाची समजूत घातली.

मग वर्लीनने तो प्रश्न विचारला. तिला मधुमेह होता. डाव्या पायाचं एक बोट काळं पडत चाललं होतं, आणि शहरातल्या डॉक्टरांनी ते लगेच काढायला सांगितलं होतं.

"ऑर्विल, काढू का रे?"

पाणी ओतलं गेलं. बारा वाजले. आवाज म्हणाला, "तुमचं शरीर हे देवाचं मंदिर आहे. त्याची एक वीटही हलू देऊ नका."

"ऐकलंत?" थर्मन डोळे मिटून म्हणाला. "मी काय, नुसता पोस्टमन."

दुसऱ्या दिवशी डेलमर तिच्या दाराशी गेला. "वर्लीन, डॉक्टरकडे जा गं. मी नेतो गाडीने."

"ऑर्विल नको म्हणाला ना."

"अगं, ते यंत्र आहे. यंत्रं बिघडतात."

"तूच बसवलंयस ते. वाईट बसवलंयस का?"

एवढंच 'हो' म्हणायचं होतं. डेलमर म्हणाला, "तसं नाही," आणि परत फिरला.

पंधरा दिवस गेले. एका संध्याकाळी तिच्या दाराजवळून जाताना त्याला कुजका वास आला. तेव्हा कुठे त्याची लाज मेली. खुर्च्या भरल्यावर तो हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन उठला.

"आज ऑर्विलला पाण्याविना बोलू दे," तो म्हणाला.

"श्रद्धेची परीक्षा घेऊ नये, ब्रदर," थर्मन गोड हसला.

"तहान लागलीय म्हणून गप्प बसणारा ऑर्विल मी तरी पाहिला नाही. बिअर नसली तरी बडबडायचा."

थोडा हशा पिकला. वर्लीनने तीन वेळा प्रश्न विचारला. धून खुशाल वाजत राहिली. मग डेलमरने जनरेटर सुरू करून नळ सोडायला लावला. पंप गुरगुरला, पण धून तुटली नाही. जनरेटर बंद करून नळ पुन्हा सोडला, तर दिवा विझला आणि घड्याळात बारा वाजले. पण तोवर खरे सव्वासहा होऊन गेले होते. ऑर्विल म्हणाला, "उद्या दक्षिणेकडून जोराचा वारा. कोबीची रोपं झाकून ठेवा."

डेलमरने कपाटाची फळी काढून स्क्रू दाखवला. "नळ सोडला की पंप सुरू होतो आणि सगळी वीज तो ओढतो. बॅटरी थकलेली, त्यात हा गंज, मग स्टिरिओ उपाशी मरतो. पुन्हा जागा झाला की त्याला काही आठवत नाही. नव्याने आणल्यासारखं घड्याळ बारावर येतं आणि रेडिओ पट्टीच्या पहिल्या टोकाला लागतो. तिथे शहरातलं प्रार्थनेचं केंद्र आहे. साडेपाचला तिथे प्रवचन असतं, ते संपलं की हवामान. म्हणून यांना साडेपाच लागतात, पाणी लागतं, आणि जनरेटर बंद लागतो; तो चालू असला तर बॅटरीला जोर मिळतो आणि स्टिरिओ मरतच नाही." त्याचा आवाज खाली आला. "आणि हा जोड माझा आहे. आळस केला मी."

थर्मनने हॅट छातीशी धरली. "देवाला बोलायचं असलं, तर गंजका स्क्रूही चालतो त्याला."

"आमेन," मागून कुणीतरी म्हणालं. मग आणखी चौघे म्हणाले. डेलमर स्क्रू चिमटीत धरून बघत राहिला. आता आणखी काय उघडून दाखवायचं, त्याला कळेना.

वर्लीन मात्र पायरीवर खाली बसली होती. "म्हणजे मला नको कुणी म्हणालंच नव्हतं?"

"कुणीच नाही."

"चल, ने मला."

डॉक्टरांनी घोट्याच्या वरून पाय काढला. पंधरा दिवस आधी आणलं असतं तर बोटावर भागलं असतं, असं ते डेलमरला म्हणाले. त्याने ते वर्लीनला सांगितलं, आपल्याला कधीपासून ठाऊक होतं तेही सांगितलं.

"थर्मन लबाड निघाला, आणि मी खुळी," ती म्हणाली. "पण तुला तर माहीत होतं, डेलमर."



थर्मन आता दुसऱ्या एका तळावर आहे, आणि तिथलेही जनरेटर संध्याकाळी बंद होऊ लागले आहेत म्हणतात. डेलमर जिथे जातो तिथे ही गोष्ट आपल्या नावानिशी सांगतो. लोकहो, चमत्कार दिसला तर आधी त्यामागची फळी काढून बघा. पाणी का लागतं, ठरावीक वेळ का लागते, आवाज बंद का करायला लावतात, ते विचारा. आणि ज्यांना आतली वायर दिसलेली आहे, त्यांनी कुणाच्या विरंगुळ्याची किंवा स्वतःच्या अब्रूची सबब सांगू नये. त्याच दिवशी तोंड उघडावं. माणसाचा पाय पंधरा दिवस थांबत नाही.