सासरा भुईवर, सून उभी

सतरा वर्षं फौजेत पीटी केलेल्या आकारामला खुर्चीवरचा योग पहिल्या गुरुवारीच पटला नाही. योगशिक्षिका राजनंदिनी रहिमतपूरहून स्कूटीवर आली, समाजमंदिरात प्लॅस्टिकच्या बारा खुर्च्या मांडल्या आणि म्हणाली, ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी हा वर्ग.

"खुर्चीत बसून ग्रामसभा करत्यात, योग न्हाई," आकाराम म्हणाला आणि सगळ्यांदेखत भुईवर पद्मासन घातलं. घातलं म्हणजे, डावा पाय आला, उजव्यानं नकार दिला. वाटी झिजलेल्या त्या गुडघ्यावर त्यानं टॉवेल टाकला. हवालदाराची अब्रू टॉवेलाएवढीच उरली होती.

खरं तर तो आला होता सुनेसाठी. रेश्माच्या मणक्यात गॅप होता. सांगलीच्या डॉक्टरनं त्याच्यासमोरच बजावलं होतं, भुईवर बसायचं नाही, आणि सहा आठवडे व्यायाम नेमानं केला नाही तर ऑपरेशन.

"बसा की सगळ्या," राजनंदिनी म्हणाली. बायका भिंतीला चिकटून उभ्याच.

बनाबाईनं शेवटी तोंड उघडलं. "आवं बाई, आकारामभावजी भावकीत थोरलं. ते भुईवर आन् सुना खुर्चीवर? आमाला गावात ऱ्हायचं हाय."

"रेश्मा, तू बस. मी सांगतोय," आकाराम म्हणाला.

"व्हय मामा," रेश्मा म्हणाली आणि कमरेवर हात ठेवून उभीच राहिली.

का नाही राहणार? आमची सून माझ्यापुढं खुर्चीवर बसत न्हाई, असं आठ वर्षं पारावर मिशीला पीळ देत कोण सांगत होतं? हाच शहाणा. आता एका शब्दात ती ऑर्डर रद्द करायला निघाला होता.

म्हणजे आधी आपणच उठून खुर्चीवर बसायला हवं. त्यानं जोर लावला. गुडघा जागचा हलला नाही. त्यानं डोळे मिटून घेतले.

खुर्चीवर ऐसपैस बसलेला त्याचा जुना दोस्त भाऊसो म्हणाला, "आकाराम, ध्यान लागलं का रं?"

"लागलंय."

"मग घाम कशापायी?"

आकारामनं एक डोळा किलकिला केला. रेश्मा या पायावरून त्या पायावर भार टाकत होती. तिनं खालचा ओठ दातात धरला होता. आपल्या मूर्खपणाचं ऑपरेशन हिच्या पाठीवर होणार, हे त्याला त्या एका डोळ्यानंही स्वच्छ दिसलं.

"उठवा मला," तो पुटपुटला.

"जरा मोठ्यानं, गड्या," भाऊसो म्हणाला.

"मला उठता येत न्हाई. उठवा."

राजनंदिनीनं त्याला उचललं नाही. "आबा, दोन्ही हात भुईला टेका. गुडघ्याखाली टॉवेल घ्या. आता रांगत खुर्चीपर्यंत या. बघा गं सगळ्या, पडलात तर असंच उठायचं."

सीमेवर रांगलेला माणूस चार सुनांसमोर रांगला. तिथं निदान अंधार असायचा. खुर्चीच्या बैठकीवर कोपरं रोवून, बरा पाय पुढं घेऊन, म्हशीसारखा फुसकारत तो वर आला आणि बसला. बूड टेकताच इतकं बरं वाटलं, की गुडघा दुखत असताना दोन वर्षं भुईवरच बसायच्या हट्टाची त्याला लाज वाटली.

"बसा आता, लेकींनो," तो म्हणाला.

मागं एक खुर्ची सरकली, मग दुसरी, मग सगळ्याच. "हळू बस गं रेश्मा, पाठीला उशी घे," राजनंदिनीचा आवाज आला.

आकारामला वळून बघायचं होतं. पण गुडघ्यासारखीच मानही आखडली होती, वळत नव्हती.