वर्तमानपत्रांवर बसलेला नॅट

मित्रांनो, मी एक जुना नॅट आहे. नॅट म्हणजे आपल्या हवाई दलाचं एक चिमुकलं लढाऊ विमान. मी तर त्याहूनही चिमुकला. वीतभर लांब, ॲल्युमिनियमचा. माझ्यात कधी कुणी वैमानिक बसला नाही आणि मी कधी बोटभरही उडालो नाही. माझं सगळं आयुष्य अंबरनाथच्या एका वाचनालयात गेलं. पंख्याच्या वाऱ्यानं वर्तमानपत्रं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर बसून राहायचं, एवढंच माझं काम.

मला घडवलं शरदचंद्र कर्णिकांनी. सगळे त्यांना अण्णा म्हणत. तरुणपणी ते हवाई दलात फिटर होते, खऱ्याखुऱ्या नॅटच्या दुरुस्तीवर. पुढे मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात फोरमन झाले. तिथं उरलेला एक ॲल्युमिनियमचा तुकडा त्यांनी साहेबांना विचारून घेतला आणि महिनाभर जेवणाच्या सुट्टीत मला कानशीनं घासलं. पंख बसवताना ते श्वास रोखून धरत. शेवटी मऊ फडक्यानं पुसून म्हणाले, "हं, आता लागा ड्यूटीवर." ते साल होतं १९८३.

वाचनालयात माझं पहिलं स्वागत केलं धोंडिबा उबाळ्यांनी. ते पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. एकाहत्तरची लढाई लढलेले. आता एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन होते आणि दिवसपाळी संपली की सरळ वाचनालयात येत. त्यांनी मला उचललं, उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "अण्णा, हे काय आणलंत? चिलट?"

"इंग्रजीत नॅट म्हणजे चिलटच," अण्णा म्हणाले. "पण या चिलटानं भल्याभल्या विमानांना पळवून लावलंय. लहान असतं म्हणून दिसत नाही. दिसेपर्यंत चावून गेलेलं असतं."

"चावलं आणि गेलं घरी. संध्याकाळी गरम चहा! आम्ही आपले तिथंच, चिखलात. जमीन पायांनी राखतात अण्णा, पंखांनी नाही. तुमचं विमान कधी खाली उतरून विचारतं का, की बाबा रे, कसा आहेस?"

त्या दिवसापासून दोघांचं रोज जुंपू लागलं. नॅट चांगला की हंटर विमान? विमानाशिवाय लढाई जिंकता येते का? त्यांचे आवाज चढले की इतर वाचक हसत हसत खुर्च्या जवळ ओढत. पुढे सियाचीनच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा नवा वाद निघाला: युद्ध म्हणायचं तरी कशाला?

"सरकार जाहीर करतं ते युद्ध," अण्णा ठामपणे म्हणाले. "भोंगा वाजतो, खिडक्यांना काळे कागद लागतात. बाकी सगळ्या चकमकी."

"गोळीला कळतं होय हो, जाहीर झालंय का नाही ते?" धोंडिबांनी विचारलं. अण्णांनी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं. पण मत काही त्यांनी बदललं नाही.

धोंडिबांचा एकुलता मुलगा शिवराम बापाच्याच पलटणीत भरती झाला होता. शहाऐंशी साली चामटोलीच्या शालनशी त्याचं लग्न झालं. दुसऱ्याच वर्षी त्याची पलटण श्रीलंकेला गेली. शालन दहावी झालेली होती. बातम्या स्वतः वाचायच्या म्हणून ती एका संध्याकाळी सासऱ्यांबरोबर वाचनालयात आली. मला अलगद बाजूला ठेवून तिनं पहिलं पान वाचलं, मग दुसरं.

"मामा, हे युद्ध आहे का?"

"छे गं पोरी! शांतिसेना आहे ती. नुसतं पहाऱ्यावर उभं राहायचं. युद्ध वेगळं असतं. विचार अण्णांना."

"बरोबर आहे," अण्णा म्हणाले. "याला युद्ध म्हणत नाहीत."

ते दोघं एखाद्या गोष्टीवर एकमतानं बोलले, असं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

ऑक्टोबर संपता संपता तार आली. शिवराम जाफन्याजवळ कामी आला होता.

त्यानंतर धोंडिबा वाचनालयात आले नाहीत. शालन मात्र येत राहिली. घरचं आवरून दुपारी यायची, बायकांच्या बाकावर बसायची. आजचं वर्तमानपत्र संपलं की कपाटातले जुने बांधीव अंक मागून घ्यायची. दोन वर्षं ती अशी वाचत होती. काय शोधते आहे, हे तिला कुणी विचारलं नाही. अण्णा रोज माझ्यासमोर बसत, पण त्यांच्याशी भांडायला आता कुणी नव्हतं. विमानांच्या गोष्टी सांगायचंही त्यांनी सोडून दिलं.

एकोणनव्वदच्या डिसेंबरात वाचनालयानं ठरवलं की शहरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या हुतात्मा जवानांच्या नावांची पाटी लावायची. अण्णा समितीचे अध्यक्ष होते आणि नियम त्यांनीच लिहून दिला होता. रविवारी सकाळी बैठकीत चिटणीस रामभाऊंनी तो वाचून दाखवला: "घोषित युद्धात कामी आलेल्या जवानांची नावे घ्यावीत." मग यादी वाचली. बासष्टचे दोन, पासष्टचा एक, एकाहत्तरचे तीन. शिवरामचं नाव त्यात नव्हतं.

शालन मागच्या बाकावरून उठली. तिच्या हातात जाडजूड बांधीव अंक होता.

"रामभाऊ, एक विचारू? बासष्टचे सगळे अंक मी वाचले. आणीबाणी जाहीर केल्याची बातमी सापडली. युद्ध जाहीर केल्याची नाही सापडली. मग ती दोन नावं कशी काय?"

रामभाऊ गडबडले. "वहिनी, तसं नव्हे, बासष्ट म्हणजे... सगळ्यांना माहीतच आहे की..."

"माहीत आहे ना? माझ्या घरचंपण मला माहीत आहे," ती म्हणाली आणि अंक टेबलावर ठेवून निघून गेली. तिनं आवाज चढवला नव्हता.

अण्णांनी मला हातात घेतलं. त्यांचा अंगठा माझ्या पंखावरून नुसता फिरत राहिला. मग ते बैठक अर्धी टाकून उठले. मला खाली ठेवायचंही त्यांना भान राहिलं नाही. म्हणून धोंडिबांचं घर मला बघायला मिळालं.

चाळीतल्या दोन खोल्या. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, शेजारी गणवेशातला शिवराम. धोंडिबा खाटेवर बसले होते, फार वाळले होते. अण्णा दारातच उभे राहिले.

"धोंडिबा, माझं चुकलं. येऊन भांडा माझ्याशी. शिवरामचं नाव पाटीवर यायला हवं, असं चारचौघांत मला ठणकावून सांगा."

धोंडिबांनी मान हलवली. "मी कुठल्या तोंडानं सांगू? हे युद्ध नव्हे, असं मीच म्हणालो होतो तिला. खोटं बोललो मी पोरीशी."

स्वयंपाकघरातून शालन बाहेर आली. तिचे हात पिठानं भरलेले होते.

"खोटं नाही बोललात, मामा. मला झोप यावी म्हणून बोललात. मला कळलं होतं तेव्हाच. तुम्ही तसं म्हणालात म्हणून तर तेवढे तीन महिने झोपले मी."

धोंडिबांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मग त्यांनी उशीखालून एक पत्र काढून अण्णांना दिलं. शिवरामच्या सोबत्यानं लिहिलेलं होतं. अण्णांनी ते वाचलं. शिवरामला पोटात गोळी लागली, तेव्हा सगळीकडून गोळीबार चालू होता. तरी एक हेलिकॉप्टर नारळाच्या झाडांमध्ये उतरलं. वैमानिकानं पंखा चालू ठेवला आणि शिवरामला आत घेतलं. वाटेतच तो गेला. पण गेला तेव्हा एक डॉक्टर त्याचा हात धरून बसला होता.

"उतरलं हो खाली," धोंडिबा म्हणाले. "मी उगाच वाईट बोलत होतो विमानांना. माझं लेकरू त्या चिखलात एकटं पडलं नाही."

अण्णा त्यांच्याशेजारी खाटेवर टेकले. त्या दिवशी दोघांनी एका ताटात भाकरी खाल्ली आणि त्यांच्यामध्ये, खाटेवर, मी होतो. एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

पुढच्या बैठकीत रामभाऊ म्हणाले, "अण्णा, पण नियमाचं काय?"

"नियम मी लिहिला होता. चुकीचा लिहिला," अण्णा म्हणाले आणि 'घोषित युद्धात' हे शब्द त्यांनी स्वतःच्या हातानं खोडले.

पाटी रंगवणाऱ्यानं विचारलं की शिवरामच्या पुढे कुठलं युद्ध लिहू? सगळे शालनकडे बघू लागले. ती म्हणाली, "जाफना लिहा. माणूस जिथं गेला तिथलं नाव लिहा." मग सगळ्यांच्याच पुढे गावांची आणि खिंडींची नावं लिहिली गेली. सव्वीस जानेवारीला पाटी लागली, तेव्हा धोंडिबा जुनी पदकं लावून आले होते. संध्याकाळी त्यांनी अण्णांना हंटरवरून छेडलं आणि वाचनालयात पुन्हा आवाज चढले. मला तर फार बरं वाटलं.

पुढे दिवस बदलले. पंच्याण्णव साली अण्णा गेले. मग धोंडिबाही थकले. वर्तमानपत्रांना लाकडी पट्ट्या आल्या आणि माझं काम सुटलं. कुणीतरी मला कपाटावर टाकलं. एकदा खाली पडून माझा डावा पंख वाकला. शालन तोवर वाचनालयात नोकरीला लागली होती. ती आठवड्यातून एकदा मला पुसायची; वाकलेल्या पंखाला जरा जपून.

नव्व्याण्णवच्या जूनमध्ये कारगिलच्या बातम्या आल्या. वाचनालय कॉलेजच्या मुलांनी भरून जाऊ लागलं. "मिराज भारी रे, मिग क्या चीज है उसके सामने!" असा एकच गलका. वर्तमानपत्रांत छापून येई, 'युद्धसदृश परिस्थिती'. मुलं त्यावरही तावातावानं भांडत.

अशा गर्दीत खरवईची वेणू नावाची एक तरुण बाई आली. तिचा नवरा द्रासला होता. ती शालनच्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाली, "ताई, हे युद्ध आहे का हो? घरी सगळे नाही म्हणतात."

शालननं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. तिनं विचारलं, "नाव काय त्यांचं?"

मग वेणू बोलू लागली. त्याचं नाव, त्याची उंची, त्याला कढी आवडते, तो पत्रात शुद्धलेखन किती चुकतो. बोलता बोलता हसली, मग रडली. एकेक करून मुलांचे आवाज बंद झाले. एका मुलानं उठून तिच्या बाजूचा पंखा सुरू केला.

दिवाळीच्या सुमारास तिचा नवरा सुखरूप परत आला. सगळ्यांचेच येत नाहीत.

मित्रांनो, कपाटावरून मला खालचं सगळं दिसतं, म्हणून एक मागणं मागतो. विमानांवरून खुशाल भांडा. कुठलं वेगवान, कुठलं चपळ, युद्ध कशाला म्हणायचं, सगळ्यावर भांडा. त्यात गंमत आहे आणि शहाणपणही आहे. फक्त आवाज चढवण्याआधी एकदा मान वळवून बघा, शेजारच्या बाकावर कोण बसलं आहे.