एकतीस वाटाणे

मधली सुट्टी संपली तेव्हा सारिकाच्या ताटात वाटाण्यांसकट एकशे बेचाळीस ग्रॅम खिचडी होती. वाढली तेव्हाही तेवढीच होती. फरक इतकाच, की एकतीस वाटाणे खिचडीतून निघून ताटाच्या कडेला रांगेत बसले होते. तराजू विज्ञानाच्या पेटीतला. वाटाणे मी दोनदा मोजले.

सारिका दुसरीत आहे. धसईजवळच्या या शाळेत मी जूनपासून शिकवते. सारिका जेवत नव्हती आणि दुपारी बाकावर डोकं टेकून झोपत होती. हा अकरावा दिवस, शुक्रवार.

कारण गावाने ठरवलं होतं. पोषण आहार शिजवणाऱ्या शालनताई बौद्धवाड्यातल्या, सारिका वरच्या आळीतली.

"मला कळतं सगळं, मॅडम," पातेलं घासत शालनताई म्हणाल्या. "आमच्या हातचं नाय चालत. सोमवारपासून दुसरी बघा."

हेडमास्तर म्हणाले, "सवय लावा. भूक लागली की खाईल."

"अकरा दिवस लागलीच आहे, सर."

तेवढ्यात सारिकाची आई कमळ तिला लवकर घरी न्यायला आली. गावातलं बोलणं तिच्याही कानावर गेलं होतं.

"शालन, तुझ्या मुकेशच्या लग्नात मी जेवले नाय का गो?"

"जेवलीस. डबा पण भरून नेलास."

"मग?"

"मग पोरीला कोन शिकवतं?"

मी सारिकाच्या जेवणाच्या नोंदींची वही उघडली. अकरा दिवसांत दोन बुधवार होते. दोन्ही बुधवारी सारिकाने उकडलेलं अंडं पूर्ण खाल्लं होतं, खिचडी नाही.

"ताई, अंडी कोण सोलतं?"

शालनताईंचा हात थांबला. "मीच. दुसरं कोन हाय इथं?"

सारिकाला कोणीच विचारलं नव्हतं. मीही नाही. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि विचारलं. ती ताटाकडे बघत म्हणाली, "भात मऊ. वाटाणा टणक. तोंडात दोन्ही एकदम येतात. मग घास गिळवत नाय. वाटाणे काढते, तवर घंटा होते."

"घरी पण कालवण वेगळं लागतं तिला," कमळ म्हणाली. "सासू म्हणते, लाड."

"अगो, मग सांगायचं ना!" शालनताई म्हणाल्या. त्या कमळवर चिडल्या होत्या, पण आता वेगळ्या कारणासाठी.

सोमवारी त्या नऊ वाजता आल्या. पिशवीत बाजारातून आणलेलं तीन खणांचं ताट होतं. तेच तांदूळ, तीच डाळ, तेच वाटाणे त्यांनी तीन डब्यांत वेगळे शिजवले.

हेडमास्तर डोकावले. "आहाराच्या तक्त्यावर आज खिचडी लिहिली आहे."

"खिचडीच हाय, सर. अजून मिसळली नाय."

ते तक्त्याकडे बघून परत गेले. सारिका खिडकीशी बसली. घंटा झाल्यावरही मी तिचं ताट पाच मिनिटं उचललं नाही.

मग तोललं. भात शून्य ग्रॅम, डाळ शून्य ग्रॅम, वाटाणे दोन.