पट्टीवरची गाळाची रेघ

मापाच्या पट्टीवर, तीन फूट दोन इंचांच्या खुणेशी, गाळाची एक रेघ होती. राखाडी, वाळलेली, नखाच्या कडेएवढी जाड. कालव्याचे पाणी चढून काही तास एकाच पातळीला थांबले की अशी रेघ उमटते आणि पाणी उतरले तरी मागे राहते. आज पाणी दोन फुटांवर होते.

कुंडलिक चार दिवस ती रेघ पाहत होता. ओल्या फडक्याने सहज गेली असती. त्याने ती पुसली नव्हती, आणि का पुसली नाही हे त्याला सांगता आले नसते.

कालव्याच्या सणसर फाट्यावर तो पाटकरी होता. सकाळ-संध्याकाळ पट्टी वाचायची, आकडा वहीत लिहायचा, कालव्याचे इन्स्पेक्टर सांगतील तेवढे पाण्याचे दार उचलायचे. चार दिवसांपूर्वी त्यांनी एका बड्या बागायतदाराच्या उसासाठी दार ठरल्यापेक्षा बरेच वर उचलायला लावले. पाणी चढले, कालव्याचा भराव फुटला आणि लगतच्या रानातला प्रयागबाईचा अर्धा कांदा वाहून गेला.

"दोन फूट आठ लिही," इन्स्पेक्टर म्हणाले होते.

त्याने लिहिले. आता वहीप्रमाणे पाणी वाढलेच नव्हते. म्हणजे भराव प्रयागबाईने पाणी चोरायला फोडला, असा इन्स्पेक्टरांचा आरोप होता. आज मोठे साहेब चौकशीला कालव्याच्या बंगल्यावर येणार होते. आरोप टिकला तर तिची पाण्याची पाळी बंद होणार होती, आणि उरलेला कांदा उभ्या उभ्या वाळणार होता.

रविवारी मिशनच्या प्रार्थनेत जोतीराम मास्तरांनी सांगितले होते की वरचा अधिकारी देवानेच नेमलेला असतो, त्याच्या अधीन राहावे. कुंडलिक प्रार्थना संपल्यावर मागे थांबला होता.

"मास्तर, वरच्यानं खोटं लिवाया लावलं तर?"

मास्तरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. "काय लिहायला लावलं ते मला सांगू नकोस."

"का वो?"

"सांगितलंस तर मलाही काहीतरी करावं लागेल." मग त्यांनाच ओशाळे वाटले असावे. "अधीन राहा, कुंडलिक. पण देवाला भिऊन राहा."

"म्हंजी खरं सांगू का नको?"

मास्तर चष्मा चढवून पुस्तके आवरायला लागले.

कुंडलिकचा बाप गावचा महार. कुणीही हाक मारावी आणि त्याने धावावे. कुंडलिकने बाप्तिस्मा घेतला तेव्हा पाद्रीसाहेब म्हणाले होते, आता कुणापुढे वाकायचे नाही. आता मास्तर म्हणत होते, वाकायचे. दोघेही देवाच्याच नावाने बोलत होते. कुंडलिकला दोघेही खरे वाटत, आणि तिथेच त्याचे डोके थांबे.

वही काखेत धरून तो बंगल्याकडे निघाला. बांधावर प्रयागबाई उभी होती.

"निघालास व्हय रं?"

"व्हय, आक्का."

"त्या दिशी दार कुणी उचललं?"

त्याने वही एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

"माझ्या सासऱ्याच्या येळंला शिवंचं भांडण झालं," ती म्हणाली. "पाटील, कुलकर्णी समदे उभे. पर शीव दावली तुझ्या बापानं. पाटलाला नको तितंच बोट ठिवलं त्यानं. धोंडा अजून तितंच हाय. आमी तुमास्नी उंबऱ्याला शिवू दिलं न्हाय, ते खरं. पर शिवंला तुमचाच सबूद व्हता. बाटलास तवा त्यो बी पाद्र्याला दिऊन आलास काय?"

"आक्का, नोकरीवर पोट हाय."

"आन मी कांदा काय केसात माळाया लावलाय?"

यावर त्याला हसू आले, आणि लगेच लाज वाटली.

बंगल्याच्या ओसरीवर मोठे साहेब टेबलाशी बसले होते. इन्स्पेक्टर शेजारी उभे होते. त्यांनी कुंडलिककडून वही घेतली आणि उघडून साहेबांपुढे सरकवली. थोड्या वेळाने प्रयागबाईही येऊन पायरीखाली उभी राहिली.

"दोन फूट आठ," साहेबांनी वाचले. "बरोबर?"

"बरोबर, साहेब," इन्स्पेक्टर म्हणाले. "आमचा पाटकरी ख्रिस्ती आहे. सांगितलेलं कधी मोडत नाही."

साहेब कुंडलिककडे पाहत होते. "मी त्याला विचारतोय."

कुंडलिकने पागोटे नीट केले. हुकूम मोडणे पाप की खोटा आकडा पाप, हे त्याला अजूनही उलगडले नव्हते. विचारणारेही वरचेच होते, आणि खोटे लिहायला सांगणारेही. मास्तर आठवले, चष्मा पुसणारे. बापाचे बोट आठवले. पाटलासमोर ते कापले होते का, हे त्याने बापाला कधी विचारले नव्हते. त्याने हात जोडले.

"साहेब, दार मी उचललं, हुकमानं. आकडा बी हुकमानंच खोटा लिवला. नोकरी काढा, शिक्षा द्या. मान खाली घालून घीन." मग तो हळू, पट्टी वाचावी तसा बोलला. "पर पाणी तीन फूट दोन इंच व्हतं."